नवताऱ्याची नोंदवही

सन १९१८ च्या जून महिन्यात गरुड तारकासमूहातील एक तारा एकाएकी इतका तेजस्वी झाला की, व्याध व अगस्त्य वगळल्यास रात्री त्याच्या तोडीचा दुसरा तारा उरला नाही. असा ‘नवतारा’ वस्तुतः जुनाच असतो. जोडीदार ताऱ्याकडून ओढलेला हायड्रोजन त्यावर साचून भडकतो, व पुढे तेज ओसरते. झळाळी सर्वच पाहतात. ओसरणे पाहणारे विरळा.

जेसोर येथील खजिन्यातील कारकून राधागोविंद चंद्र यांनी तो तारा पाहिला. प्रवेश-परीक्षेत त्यांस यश आले नव्हते. तथापि चलताऱ्यांच्या तेजाच्या ३७,००० हून अधिक नोंदी त्यांनी केल्या. रीत सोपी आहे: ज्ञात तेजाच्या दोन शेजारी ताऱ्यांशी तुलना करून अंक, दिनांक व वेळ लिहावी.

मात्र जे दिसले तेच लिहावे. सन १९३४ मधील शौरी तारकासमूहातला नवतारा एप्रिल १९३५ मध्ये अत्यंत मंद होऊन पुनः उजळला. अपेक्षेप्रमाणे अंक मांडणाऱ्याची वही तेथे खोटी ठरली असती.

गुणपत्रिकेत या सचोटीस रकाना नाही. म्हणून पालकहो, आपल्या मुलांस रात्री दहा मिनिटे आकाशाखाली वही घेऊन बसू द्यावे, अशी आमची विनंती आहे.