सीमाभागातील चुलीचा हिशेब

पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर कागल मागे टाकले की थोड्याच वेळात कोगनोळीपाशी महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक सुरू होते. रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे तोच ऊस, तीच काळी माती आणि घराघरांत तीच जोंधळ्याची भाकरी. मात्र या दोन बाजूंच्या स्वयंपाकघरांना मिळणारी सरकारी मदत आज भिन्न दिशांनी वाहत आहे. कर्नाटक सरकारने २०२३ साली ‘गृहज्योती’ योजना आणून घरगुती वीज ठरावीक मर्यादेपर्यंत मोफत केली. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ‘मुख्यमंत्री अन्नपूर्णा’ योजना जाहीर करून पात्र कुटुंबांना वर्षाकाठी तीन सिलिंडर मोफत देण्याचे ठरविले. गॅसची शेगडी ठेवावी की विजेची आणावी, हा प्रश्न एरव्ही ज्या त्या घरच्या सोयीचा मानला जातो. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात मात्र तो राज्याच्या सीमेने आणि सरकारी नियमांनी ठरू लागला आहे.

आम्हां किनारपट्टीवासीयांस या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. गोव्याच्या बाजारात उतरणारी भाजी ज्या परिसरातून येते, त्या परिसरातील चुलीशी आपला संबंध शेजारधर्माचा तर आहेच. शिवाय दोघांचे इंधनही एकाच धाग्याने बांधलेले आहे. दाभोळहून बंगळूरकडे जाणारी नैसर्गिक वायूची वाहिनी २०१३ साली सुरू झाली. ती बेळगाव जिल्ह्यातून जाते आणि तिचाच एक फाटा घाट उतरून गोव्यात येतो. सिलिंडरमधील गॅसची गोष्ट याहून नाजूक आहे. देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक गॅस आपण परदेशांतून आणतो आणि त्यातील फार मोठा भाग होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. आखातात तोफा धडाडल्या की निपाणीच्या चुलीला आणि म्हापशाच्या चुलीला एकाच वेळी झळ लागते. म्हणून विजेच्या शेगडीकडे पाहणे ही आता केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. केंद्र सरकारच्या ‘ईईएसएल’ या संस्थेने २०२३ साली वीस लाख इंडक्शन शेगड्या लोकांपर्यंत पोचविण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तो याच जाणिवेतून.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यात साठविलेली उष्णता विजेच्या मापाने मोजली तर सुमारे १८० युनिटे भरते. परंतु ही सारी उष्णता भांड्याला मिळत नाही. नव्या आणि स्वच्छ शेगडीने किमान ६८ टक्के उष्णता भांड्यास द्यावी, असे भारतीय मानक सांगते. घरातील जुन्या बर्नरवर हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास येते. इंडक्शन शेगडी भांड्याचा तळच तापवीत असल्यामुळे सुमारे ८५ टक्के ऊर्जा कामी लावते. याचा अर्थ असा की, एका सिलिंडरचे काम साधारणतः १३० युनिट विजेत होते. तेव्हा सिलिंडरच्या किमतीला १३० ने भागावे. येणारा आकडा विजेच्या दराहून मोठा असेल तर वीज स्वस्त, लहान असेल तर गॅस स्वस्त. दर बदलत राहतील. हे गणित बदलणार नाही.

पण सीमाभागात हे सरळ गणित नियमांत अडकते. गृहज्योती म्हणजे सरसकट दोनशे युनिटे फुकट, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः प्रत्येक घराचा २०२२-२३ सालचा सरासरी मासिक वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढाच त्या घराचा वाटा होय. त्याहून अधिक, पण दोनशेच्या आत वापर झाला, तर वाढीव युनिटांचे पैसे भरावे लागतात. आणि दोनशेची रेषा ओलांडली की त्या महिन्याचे सर्वच बिल ग्राहकाच्या माथी येते. अगदी अल्प वापर करणाऱ्यांसाठी २०२४ साली दहा टक्क्यांऐवजी दहा युनिटांची वाढ देण्यात आली. परंतु योजनेचा सांगाडा तोच राहिला.

तीन घरे डोळ्यांपुढे आणू. सोयीसाठी सिलिंडर ९०० रुपयांचा, तो दीड महिना पुरणारा आणि विजेचा दर कर्नाटकात २०२४-२५ साली होता तो, म्हणजे युनिटला ५ रुपये ९० पैसे, असा धरू. स्थिर आकार व कर बाजूला ठेवू. सगळा स्वयंपाक विजेवर नेला तर महिन्याला सुमारे ८५ युनिटे वाढतील आणि गॅसचे ६०० रुपये वाचतील. पहिल्या घराचा पूर्वीचा वापर ६० युनिटांचा, म्हणजे वाटा ६६ चा. त्याचा वापर १४५ वर जाईल, ७९ युनिटांचे सुमारे ४६६ रुपये भरावे लागतील आणि तरीही त्याचा फायदाच होईल. दुसरे घर तेवढेच लहान, पण उज्ज्वला योजनेतील. २०२३ च्या ऑक्टोबरात ठरलेले सिलिंडरमागचे ३०० रुपयांचे अनुदान त्यास मिळत असेल, तर त्याचा गॅस महिन्याला ४०० रुपयांतच भागतो. त्याने विजेकडे वळणे म्हणजे पदरचे ६६ रुपये घालविणे. तिसरे घर १५० युनिटे वापरणारे, वाटा १६५ चा. ते २३५ वर गेले की दोनशेची रेषा ओलांडली जाते आणि कालपर्यंत शून्य असलेले बिल १,३८६ रुपयांवर जाते. सहाशे वाचविण्यासाठी चौदाशे मोजण्याचा हा व्यवहार कोणती गृहिणी करील?

पण याच तिसऱ्या घराने अर्धाच स्वयंपाक विजेवर नेला तर? वापर १९२ च्या आसपास राहतो, २७ युनिटांचे सुमारे १६० रुपये पडतात आणि गॅसचे ३०० रुपये वाचतात. म्हणजे गॅस की वीज, असा एकास एक सामना लावणेच चुकीचे आहे. या भागातील स्वयंपाकाची रीतही हेच सांगते. दूध, चहा, आंघोळीचे पाणी, भात आणि डाळीचा कुकर ही कामे विजेच्या शेगडीवर लवकर आणि निगुतीने होतात. जोंधळ्याची भाकरी मात्र तव्यावरून उतरवून आचेवर धरल्याखेरीज नीट फुगत नाही, आणि गोल बुडाची कढई इंडक्शनवर बसत नाही. शिवाय दोन हजार वॅटची शेगडी जुन्या वायरिंगवर लावणे धोक्याचे असते. अर्थिंग आणि जाड तारेची जोडणी आधी करून घ्यावी लागते. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूस झाडे पडून वीज गेली, तर चूल बंद ठेवून भागत नाही. एक बर्नर गॅसचा आणि एक शेगडी विजेची, हीच या मुलखातील शहाणपणाची मांडणी होय.

यात बाईच्या श्रमाचाही प्रश्न आहे. निपाणी हे विड्यांचे गाव. घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. चुलीपाशी गेलेला प्रत्येक तास तिच्या मिळकतीतून वजा होतो. सिलिंडर संपला आणि पैसे नसले की ती पुन्हा सरपणाकडे वळते, आणि तंबाखूच्या धुळीत लाकडाच्या धुराची भर पडते. अशा घराला विजेची शेगडी हा खरा आधार ठरू शकला असता. परंतु २०२२-२३ साली ज्या घरात एक दिवा आणि एक पंखा होता, त्याच्या नशिबी वाटाही तेवढाच लहान आला. ज्याने अधिक वापरले त्यास अधिक, ज्याने काटकसर केली त्यास कमी, हा न्याय उफराटा आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. स्वयंपाकासाठी वाढणाऱ्या विजेला, निदान अल्प वापराच्या घरांपुरता, गृहज्योतीत स्वतंत्र वाटा द्यावा. आणि दोनशेची रेषा एका युनिटाने ओलांडल्याबद्दल सर्व बिल माथी मारण्याऐवजी वरच्या युनिटांचेच पैसे घ्यावेत. दुसरे, हे नियम सीमाभागात मराठीतूनही सांगावेत. निपाणी-बेळगावचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल व्हायचा तेव्हा होईल; पण भाषिक अल्पसंख्याकांना महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात, हे तत्त्व देशाने १९५६ सालीच मान्य केले आहे. जे बिल गृहिणीला वाचता येत नाही, त्यातील सवलत तिला सांभाळता कशी येणार? निपाणी आणि बेळगाव यांच्या मधोमध असलेल्या हुक्केरीत १९६९ पासून सभासदांची ग्रामीण वीज सहकारी संस्था उभी आहे. वीजपुरवठा हा लोकांशी लोकांच्या भाषेत बोलण्याचा व्यवहार असू शकतो, याची ती शेजारचीच खूण आहे.

दोन राज्यांनी नकाशावरील रेषेसाठी भांडावे, तो त्यांचा अधिकार. पण दोन्ही सरकारांच्या सवलतींची एकूण फलश्रुती कोगनोळीच्या दोन्ही बाजूंच्या बाईला सारख्याच स्वस्त आणि निर्धूर स्वयंपाकात मिळावयास हवी. तोपर्यंत तिने गॅस सोडण्याची घाई करू नये आणि विजेला नकारही देऊ नये. महिन्याच्या विसाव्या दिवशी मीटरवरचा आकडा तेवढा पाहून ठेवावा.