कठडा हवा, दोरही हवा

दिवाळीच्या पाडव्याला शास्त्रकारांनी ‘द्यूतप्रतिपदा’ असेही नाव दिले आहे. त्याचा आधार घेऊन माजघरात पत्ते पिसणारी मंडळी मी लहानपणापासून पाहिली. पण तिथे हरणारा चारचौघांत हरे. आजोबा खाकरले की डाव मोडे. आजचा जुगारी पांघरुणात मोबाईल घेऊन एकटाच हरतो.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. उत्तम झाले! माझे भांडण बंदीशी नाही. बंदीमागून येणाऱ्या मौनाशी आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. बंदीनंतर कुणीतरी धाडलेल्या लिंकवरून तो एका परदेशी अ‍ॅपवर गेला. पडद्यावर जिंकला, पैसे मागताच ‘आधी कर भरा’ असे उत्तर आले. तीनदा भरला. बायकोच्या पाटल्या गेल्या. वीस दिवसांनी रात्री माझ्याकडे येऊन म्हणाला, “गुरुजी, तक्रार केली तर मलाच आत टाकतील ना?” नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. फसवणूक होताच १९३० वर फोन केला, तर पुढे सरकणारी रक्कम कधी कधी अडवता येते, हेही नव्हते. वीस दिवस त्याने भीतीत घालवले. चोराला तेवढेच हवे होते.

एवढी माहिती शाळेच्या फलकावर लावू म्हटले, तर एक वडीलधारे गृहस्थ कडाडले, “जुगाराचे नाव शाळेच्या भिंतीवर? पोरांना नाही ते सुचेल!” अहो, क्रिकेटच्या सामन्यांत या खेळांच्या जाहिराती वर्षानुवर्षे आपण सहकुटुंब पाहिल्या, तेव्हा कुणी कडाडले नाही! आणि नुसत्या बंदीने व्यसन सुटत असते, तर १८८७ चा जुगारबंदी कायदा असताना मुंबईत मटका फोफावला नसता. जाहिरात गिऱ्हाईक ओढते, इशारा त्याला सोडवतो. दोहोंना एकाच काठीने हाकणे हा कुठला न्याय?

विहिरीला कठडा जरूर बांधावा. पण म्हणून दोर काढून टाकू नये. कठडा ओलांडून पडणारा आपल्याच घरातला असतो.

तेव्हा या पाडव्याला ओवाळणी झाली की घरात एकदा मोठ्याने सांगा : फसलात तर १९३०, मन खचले तर १४४१६, आणि त्याआधी आम्हांला सांगा, आम्ही रागावणार नाही.