आधी वही, मग कॅमेरा

पोकरचे ट्रॅव्हल व्लॉग करायचेत, असं आजकाल आपल्याकडची पोरं म्हणू लागलीयेत. आणि पहिला प्रश्न काय, तर कॅमेरा कुठला घेऊ! अरे बाबांनो, आधी एक दोनशे पानी वही घ्या.

अँड्र्यू नीमीने २०१६ साली लास वेगासमध्ये व्लॉग सुरू केला, तेव्हा तो कित्येक वर्षं पोकरवरच पोट भरत होता. आपली पोरं गोव्याला जाणार, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर एक वीकएंड बसणार, जिंकलेला डाव दाखवणार नि हरलेले कापणार. मागे ढिंच्याक गाणं असेलच.

पोकरच्या टेबलावर कॅसिनो रेक घेतो, म्हणजे डावातल्या पैशांतून स्वतःचा वाटा. त्यामुळे टेबलावरचे सगळे मिळून तोट्यातच उठतात. एखादा जिंकतो ते बाकीच्यांच्या खिशातून. वर विमान, हॉटेल, जेवण आहेच. हे सगळं वहीत लिहा आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ते पान दाखवा. हरलेला आकडासुद्धा!

तेवढं जमत नसेल तर तुम्ही कॅसिनोची फुकट जाहिरात करताय. आणि ती बघून अख्खा पगार घेऊन बोटीवर चढणारा तुमचाच एखादा मावसभाऊ असेल.

असो. पटत नसेल तर जरूर भांडा.