रशियन शिकायला व्हाया लंडन कशाला?

‘तीस दिवसांत रशियन’ छापाची पुस्तकं शुद्ध फसवणूक आहेत. मी मुंबईत नाहूरला राहतो, रशियन घरी बसून शिकलो, आणि एमबीबीएससाठी रशियाला निघालेल्या पोरांच्या हातात हीच पुस्तकं बघतो तेव्हा संताप येतो. तिथे व्याख्यानं इंग्रजीत झाली तरी वॉर्डातला पेशंट रशियनमध्येच सांगणार की दुखतंय कुठे. त्याच्यापुढे पाठ केलेली ‘नमस्कार, हॉटेल कुठे आहे’ ही वाक्यं काय कामाची?

या पुस्तकांचा पहिला गुन्हा म्हणजे आघात न दाखवणं. रशियनमध्ये आघात कुठल्या अक्षरावर पडतो यावर उच्चार ठरतो, अर्थही ठरतो. ‘ज़ामक’ म्हणजे किल्ला, ‘ज़मोक’ म्हणजे कुलूप; लिहायचे दोन्ही एकसारखेच. ही पुस्तकं रशियन अक्षरं बघून देवनागरीत ‘खोरोशो’ छापतात, माणसं ‘खरशो’ म्हणतात. दुसरा गुन्हा म्हणजे लिपी टाळणं. किरिल लिपीची 33 अक्षरं आठवड्याभरात येतात. ती चुकवणाऱ्याला दुकानाची पाटीसुद्धा वाचता येणार नाही.

मग घ्यायचं काय? निकोलस ब्राऊन यांचं 1996चं ‘न्यू पेंग्विन रशियन कोर्स’ घ्या. आघात छापलेले आहेत, स्वाध्यायांची उत्तरं मागे आहेत. शिक्षक नसलेल्याला दोन्ही हवंच. उच्चारासाठी ध्वनिफिती वेगळ्या शोधा. ‘दरोगा व रस्सीयू’ हे पाठ्यपुस्तक चांगलं आहे, पण पहिल्या पानापासून रशियनमध्येच आहे. ते वर्गासाठी, एकट्यासाठी नाही.

पण ब्राऊनही लिहितात इंग्रजी वाचकासाठी. नामाला लिंग असतं, विभक्तीने शब्दाचं रूप बदलतं, हे त्यांना मुळापासून समजवावं लागतं. आपल्याकडे तीन लिंगं घरचीच आहेत. ‘तो होता, ती होती, ते होतं’ म्हणणाऱ्याला ‘बिल, बिला (आघात शेवटी), बीला (आघात सुरुवातीला)’ ही रूपं लिंगानुसार बदलतात हे शिकवायला पान कशाला खर्चायचं? ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले दोन वेगळे च आपल्या जिभेवर आहेत. रशियनलाही असे दोन लागतात. ती पानं खर्ची पडायला हवीत मृदू (तालव्य छटेच्या) व्यंजनांवर, क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण जोड्यांवर, पायी जाणं आणि वाहनाने जाणं यांच्या वेगळ्या क्रियापदांवर. मराठी माणूस अडतो तो तिथे.

असं पुस्तक मराठीत लिहिणं अशक्य होतं असं कुणी सांगू नये. रशियाशी आपला संबंध जुना आहे. नाहूरपासून दोन स्टेशनांवरच्या कांजूरमार्गला उतरलं की पवईची आयआयटी जवळ. ती 1958 साली सोव्हिएत मदतीने उभी राहिली. घाटकोपरच्या चिरागनगरात राहणारे अण्णाभाऊ साठे 1961 साली रशियाला गेले आणि त्यांनी प्रवासवर्णन मराठीत लिहिलं. मुंबई आणि पुणे विद्यापीठांत रशियन शिकवली जाते. इतकं असूनही मराठी पोराने इंग्रजांच्या अडचणी सोडवत रशियन शिकायची, ही आपल्या प्राध्यापकांची नामुष्की आहे.

पदव्या वाटणं पुरे. विद्यापीठांनी मराठी विद्यार्थ्याच्या चुका गोळा कराव्यात आणि त्यांवर पाठ्यपुस्तक लिहावं: आघातांसह, उत्तरांसह, ध्वनिमुद्रणासह. तोवर पोरांनो, दुकानात पुस्तक उघडा. आघात नसतील किंवा मागे उत्तरं नसतील, तर दमडीही देऊ नका.