विश्लेषण : हृदयरुग्णांच्या मदतीसाठी मॅरेथॉन… एकाच्या धावण्यातून पैसा उभा कसा राहतो?

मुंबईत जानेवारीतली मॅरेथॉन जवळ आली की अनेकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश येतो, ‘मी अमुक संस्थेसाठी धावतोय, मदत करा’. कुणी हृदयरोग झालेल्या मुलांसाठी धावतो, कुणी हृदयविकाराने गेलेल्या वडिलांच्या आठवणीत. हा पैसा कसा जमतो, कुठे जातो आणि धावणाऱ्याच्या स्वतःच्या हृदयाचे काय, याविषयी…

ही पद्धत नेमकी कशी चालते?

मोठ्या मॅरेथॉनमध्ये धावू इच्छिणारे खूप आणि जागा कमी असतात. त्यातल्या काही जागा आयोजक सामाजिक संस्थांसाठी ठेवतात. संस्थेकडून जागा मिळालेला धावपटू ठरावीक रक्कम जमवण्याचे वचन देतो आणि मित्र, नातेवाईक, सहकाऱ्यांकडे देणगी मागतो. थोडक्यात, पैसा किलोमीटरमधून येत नाही, तो ओळखीतून येतो. देणगीदाराने संस्थेचे नाव अनेकदा ऐकलेलेही नसते. तो धावणाऱ्यावर विश्वास ठेवून पैसे देतो.

लंडनमध्ये किती पैसा उभा राहतो?

१९८१ मध्ये सुरू झालेली लंडन मॅरेथॉन या पद्धतीचे सर्वात मोठे उदाहरण. २०२५ च्या सोडतीसाठी ८ लाख ४० हजारांहून अधिक अर्ज आले, शर्यत पूर्ण केली सुमारे ५६ हजार जणांनी. त्यामुळे संस्थांकडच्या जागांना मोठी मागणी असते. एका जागेसाठी साधारण दोन हजार पौंड, म्हणजे दोन लाख रुपयांहून अधिक रक्कम जमवण्याची अट असते. २०२५ च्या शर्यतीतून ८ कोटी ७३ लाख पौंड उभे राहिले. १९६१ मध्ये स्थापन झालेली ‘ब्रिटिश हार्ट फाउंडेशन’ ही २०२२ च्या शर्यतीची अधिकृत धर्मादाय संस्था होती.

मुंबईत काय चित्र आहे?

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. निधी संकलनाचे काम ‘युनायटेड वे मुंबई’ ही संस्था पाहते. नोंदणी केलेल्या संस्थांमधून धावपटू आपली संस्था निवडतो. ४२ किलोमीटर धावणे जमणार नसेल, तर सहा किलोमीटरच्या आसपासची ‘ड्रीम रन’ असते. अनेक कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे गट त्यात उतरवतात.

पैसा हृदयरुग्णांपर्यंत कसा पोहोचतो?

इथे दोन देशांत फरक आहे. ब्रिटनमध्ये उपचार सरकारी आरोग्य सेवेतून होतात. त्यामुळे ‘ब्रिटिश हार्ट फाउंडेशन’सारख्या संस्थेचा मोठा खर्च संशोधनावर होतो. आपल्याकडे देणगीचा पैसा बहुधा थेट उपचाराला लागतो, विशेषतः जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियेला. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदय शस्त्रक्रियांचा समावेश आहे. तरीही गावाहून शहरात येणे, पालकांचे राहणे, बुडालेली मजुरी आणि नंतरच्या तपासण्या यांचा खर्च कुटुंबावर पडतो. अनेकदा संस्थेची मदत तिथेच मोलाची ठरते.

धावणाऱ्याच्या हृदयाला धोका किती?

धोका कमी आहे, पण शून्य नाही. अमेरिकेतील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉनच्या अभ्यासात २००० ते २०१० या काळात सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंपैकी ५९ जणांचे हृदय बंद पडले, त्यातले ४२ दगावले. पूर्ण मॅरेथॉनमधला धोका अर्धमॅरेथॉनच्या जवळपास चौपट होता. २०१० ते २०२३ च्या पुढच्या अभ्यासात सुमारे २ कोटी ९३ लाख धावपटूंमध्ये १७६ घटना घडल्या, मृत्यू ५९. म्हणजे हृदय बंद पडण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले, मृत्यूचे प्रमाण मात्र निम्म्यावर आले. वाटेत उभ्या असलेल्यांनी लगेच दिलेला सीपीआर आणि जवळ असलेले शॉक देणारे यंत्र, हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते.

तपासणी कोणी करावी?

चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि घरात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू झाला असल्यास सरावाआधीच डॉक्टरांना भेटावे. साधा ईसीजी ठीक आला म्हणजे रक्तवाहिनीत अडथळा नाही, असे नाही. छातीत दाब, भोवळ, नेहमीपेक्षा जास्त धाप किंवा छातीत धडधड जाणवल्यास तिथेच थांबावे. ताप असताना धावू नये.

‘पैसे घेतलेत, आता थांबू कसा?’

हा प्रश्न फारसा बोलला जात नाही. शंभर जणांकडून देणगी घेतलेल्या माणसाला माघार घेणे लाजिरवाणे वाटते आणि नेमके त्याच दडपणाखाली शरीराच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात बहुतेक देणग्या शर्यतीआधीच संस्थेकडे पोहोचलेल्या असतात. धावपटू तिसाव्या किलोमीटरला थांबला म्हणून त्या परत जात नाहीत आणि कोणत्याही मुलाची शस्त्रक्रिया अडत नाही. देणगीच्या आवाहनातच ‘डॉक्टरांनी नको म्हटले तर धावणार नाही, तुमची मदत मात्र पोहोचेल’ असे लिहिले, तर हे ओझे आधीच उतरते.

देणगीदाराने काय पाहावे?

पैसे धावपटूच्या खात्यात न देता संस्थेच्या किंवा स्पर्धेच्या अधिकृत पानावरच भरावेत. संस्था वार्षिक हिशेब जाहीर करते का, पैसा शस्त्रक्रियेला जातो की जनजागृतीला, हे धावणाऱ्याला जरूर विचारावे. तो तुमच्या ओळखीचा आहे, त्याला उत्तर माहीत असायला हवे. ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी करसवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते आणि दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला ती लागू नाही. आणि शर्यत पाहायला जाणार असाल, तर सीपीआर शिकून जा. कुणी कोसळून प्रतिसाद देत नसेल, तर १०८ ला फोन करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यायचा असतो. या मदतीला पावती मिळत नाही, पण एखादे हृदय त्यानेच पुन्हा सुरू होऊ शकते.