टोळीबरोबर निघालेली शाळा

दसरा झाला की बीड, पाथर्डी, जत या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्यामुळे कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, माघारी फिरता येत नाही. गावी सांभाळणारे कोणी नसेल तर मुलेही बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये बसतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हजेरीपटावर नाव राहते, वर्ष मात्र हातचे गेलेले असते.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडली होती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात तसा कायदा केला. देशभरातील ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळायला १ एप्रिल २०१० उजाडावे लागले. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे त्या कायद्याचे नियम सांगतात. हे माप घर एका जागी आहे असे धरून चालते. ऊसतोड मजुराचे घर फडामागे फिरते.

यावर उपाय म्हणून कारखान्यांच्या आवारात साखरशाळा काढल्या गेल्या. पण सगळ्या टोळ्या कारखान्याच्या आवारात उतरत नाहीत; त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, कित्येकदा कोसभर लांब, शेताच्या कडेला पडतात. त्यापेक्षा गावातच शाळा व्यवस्थापन समितीने चालवायचे हंगामी वसतिगृह चांगले. तिथे शिक्षक तेच, पुस्तक तेच आणि जेवणाची सोय गावातच होते. मात्र ते टोळ्या हलण्यापूर्वी सुरू झाले पाहिजे. दिवाळीनंतर आलेली मंजुरी रिकाम्या वर्गाच्या उपयोगाची नाही.

जी मुले गेलीच, त्यांची जबाबदारी संपत नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे कायद्याच्या कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कारखान्याजवळच्या प्रत्येक मुख्याध्यापकाने हे पाठ ठेवावे.

तरीही नऊ वर्षांची मुलगी वर्गात येईलच असे नाही. आई-बाप अंधारातच फडावर जातात. कोपीत तिच्या हाती झोळीतला भाऊ असतो, पाण्याची कळशी असते आणि विकायला काढलेल्या उसाच्या वाढ्यांची राखण असते. त्या भावासाठी कोप्यांजवळ अंगणवाडी असेल, तरच तिचे हात पाटी-पेन्सिलीसाठी मोकळे होतील.