विद्यापीठ बागेपर्यंत पोचते का?

विद्यापीठ म्हटले की प्रवेश, परीक्षा आणि निकाल एवढेच डोळ्यांपुढे येते. या अंकात आम्ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे वेगळ्या बाजूने पाहतो आहोत. 1972 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकत्र चालतात, आणि ती एकत्रच राहावीत असे आमचे ठाम मत आहे. का, ते हापूस आंब्याच्या उदाहरणावरून कळते. हापूस बाहेरून पिवळाधमक दिसतो. कापला की कधी कधी आत कोयीजवळ पांढरट, आंबूस साका. बागायतदारांच्या या जुन्या दुखण्यावर विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर झाला आणि 1981 मध्ये साका न होणारा ‘रत्ना’ हा वाण आला.

कुणी म्हणेल, वाण कंपन्यांनी काढावेत, विद्यापीठाने शिकवावे. पण आंब्याच्या एका संकराची पारख व्हायला वर्षानुवर्षे जातात. झटपट परतावा हवा असणारा इतका थांबत नाही. रत्नाने हापूसची बाजारातली जागा घेतली नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच वाण आणि बाग यांना जोडणाऱ्या विस्तारकार्यावर या अंकाचा भर आहे. विद्यापीठातले काय तुमच्या बागेपर्यंत पोचले आणि काय वाटेतच अडले, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.